तोंड बांधून सत्य राखता येते काय?

(एका खेड्यातील वाचनालयात तेथील शाळामास्तरांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय धर्माचा आहे आणि व्यवहाराचाही आहे. आपल्याला जे मत खोटे, घातकी, किंबहुना पापाचे वाटते, ते मत उघड बोलून दाखविणाऱ्या माणसाचे काय करावे? त्याला उत्तर द्यावे, की त्याचे तोंड बंद करावे? ह्या प्रश्नावर ख्रिस्ती लोकांनी आपसांत शेकडो वर्षे भांडण केले, रक्त सांडले, आणि त्यातूनच त्यांच्यातील काही शहाण्या माणसांना एक उत्तर सापडले. ते उत्तर आज तुमच्यापुढे ठेवावयाचे आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही, आणि त्या धर्माचा उपदेश करावयास उभा नाही. परंतु शेजाऱ्याच्या रानात पीक चांगले आले तर बी कोठून आणले, हे विचारावयास शेतकरी लाजत नाही; तसेच हे.

ही हकीकत युरोपातली आहे. १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथरने पोपच्या धर्मसत्तेविरुद्ध बंड उभारले. शास्त्र लॅटिन भाषेत, अर्थ सांगणार पुरोहित, आणि पापमुक्तीच्या चिठ्ठ्या विकत! असा जो व्यापार चालला होता, त्यावर त्याने घाव घातला. १५२२ साली त्याने नवा करार लोकांच्या जर्मन भाषेत छापून काढला. पुरोहितशाहीचा जाच ज्यांनी पिढ्यानपिढ्या सोसला आहे, अशा आपल्यासारख्यांना ह्या बंडाचे मोल निराळे सांगावयास नको.

ह्या बंडखोरांचा फार छळ झाला. फ्रान्स देशात त्यांना जिवंत जाळीत. जॉन कॅल्व्हिन नावाचा मोठा विद्वान फ्रेंच पंडित असाच देश सोडून पळाला व पुढे जिनिव्हा शहरात धर्मगुरू झाला. त्याच्यामागून हजारो निर्वासित त्या शहरात आले. १५५३ सालच्या मे महिन्यात लोझान येथे शिकलेल्या पाच तरुण विद्यार्थ्यांना फ्रान्समधील ल्यों शहरात जाळण्यात आले. गुन्हा एवढाच की, त्यांचे धर्ममत राजाच्या धर्ममताहून निराळे होते. ते तुरुंगात असताना कॅल्व्हिनने त्यांना धीराची पत्रे लिहिली होती. सारे जिनिव्हा त्यांच्यासाठी हळहळले.

आणि त्याच वर्षी, २७ ऑक्टोबर १५५३ रोजी, त्याच जिनिव्हाच्या वेशीबाहेर शांपेल नावाच्या टेकडीवर मिगेल सर्व्हेटस ह्या स्पॅनिश वैद्याला जिवंत जाळण्यात आले. ह्या वेळी जाळणारे पोपचे लोक नव्हते. जे काल छळ सोसत होते, तेच आज सरण रचीत होते.

सर्व्हेटसचा अपराध कोणता? ख्रिस्ती धर्मात पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एक देव, असा त्रैक्याचा सिद्धांत आहे. तो बायबलात नाही, असे सर्व्हेटसने १५३१ सालीच पुस्तक छापून सांगितले होते. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा त्याला मान्य नव्हता. पुढे फ्रान्समधील व्हिएन गावी निराळ्या नावाने वैद्यकी करीत असता त्याने १५५३ साली दुसरा मोठा ग्रंथ छापला. तेथे पोपच्या पक्षाने त्याला पकडले; तो कैदेतून निसटला, म्हणून त्यांनी त्याचा पुतळा जाळून समाधान मानले. पळता पळता तो जिनिव्हात आला, ओळखला गेला, आणि नगरसभेने त्याच्यावर खटला भरला. आरोप कॅल्व्हिनने तयार केले. जाळण्याऐवजी तलवारीने मारावे, अशी रदबदली कॅल्व्हिनने केली. ती नगरसभेने मानली नाही. म्हणजे एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन पक्ष ह्या एका गोष्टीत मात्र एकमत होते की, हा माणूस जळलाच पाहिजे!

कॅल्व्हिनवर अन्याय होऊ नये म्हणून त्याचे म्हणणेही सांगतो. तो म्हणे, अन्नात विष कालवणाऱ्याला आपण शिक्षा करतो. मग आत्म्याचा नाश करणारे मत पसरविणाऱ्याला मोकळे का सोडावे? त्या काळचा कायदा त्याच्या बाजूचा होता. झुरिक, बर्न, बाझल ह्या शहरांनाही विचारले, त्यांनीही सर्व्हेटस दोषी असेच कळविले. सारांश, हे कृत्य कोणा दुष्टाने चोरून केले नव्हते. आपण देवाचे काम करीत आहो, अशा खात्रीने विद्वान व सदाचारी माणसांनी ते केले. म्हणूनच त्याची भीती अधिक.

ह्या सगळ्यांपुढे उभा राहिला एक शाळामास्तर. त्याचे नाव सेबास्तियन कास्तेलियो. जन्म १५१५ साली सॅव्हॉय प्रांतातल्या एका खेड्यात. तो जिनिव्हाच्या शाळेचा मुख्य अध्यापक होता. मुलांना लॅटिन शिकविण्यासाठी त्याने बायबलातील गोष्टींचे संवादरूप पुस्तक लिहिले, ते युरोपातील शाळांतून पुढे पुष्कळ वर्षे चालले. त्याला धर्मोपदेशक व्हावयाचे होते; परंतु बायबलातील एका ग्रंथाविषयी आणि धर्मसूत्रातील एका वाक्याच्या अर्थाविषयी त्याचे मत कॅल्व्हिनशी जुळेना, म्हणून १५४४ साली त्याला ती जागा नाकारली गेली. तो बाझल शहरी गेला. तेथे छापखान्यात मुद्रिते तपासून त्याने पोट भरले. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. ऱ्हाइन नदीला पूर आला की वाहत येणारी लाकडे आकड्याने ओढून काढावयाची व घरी सर्पण करावयाचे, अशीही पाळी त्याच्यावर आली. पुढे विरोधकांनी त्यावरूनच त्याला लाकूडचोर म्हटले! त्याने शांतपणे उत्तर दिले की, ती लाकडे कोणाच्या मालकीची नव्हती व मी ती दिवसाढवळ्या काढीत होतो. १५५३ साली तो बाझलच्या विद्यापीठात ग्रीक भाषेचा अध्यापक झाला. घरात नुकताच सुखाचा घास आला होता. अशा वेळी कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता.

कास्तेलियो गप्प बसला नाही. १५५४ साली त्याने मार्टिनस बेलियस हे टोपणनाव घेऊन पाखंडी लोकांना छळावे की नाही, ह्या विषयावर एक ग्रंथ काढला. त्यात त्याने जुन्या-नव्या धर्मगुरूंची मते एकत्र केली. ल्यूथरचे घेतले, आणि खुद्द कॅल्व्हिनचेही घेतले! कारण कॅल्व्हिन जेव्हा स्वतः परागंदा होता, तेव्हा त्यानेही सौम्यपणाचा उपदेश लिहिला होता. गरिबीत एक न्याय आणि गादीवर बसल्यावर दुसरा न्याय, हे त्या मास्तराने काही टीका न करता नुसते समोरासमोर मांडून दाखविले.

त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक दाखला आहे, तो माझ्या शब्दांत सांगतो. एका राजाने प्रजेला सांगितले, मी परत येईन, केव्हा ते सांगत नाही. तुम्ही मात्र पांढरी स्वच्छ वस्त्रे घालून तयार असा. राजा गेला. मागे प्रजेत भांडण सुरू झाले. एक म्हणे तो घोड्यावर बसून येईल, दुसरा म्हणे रथातून येईल. एक म्हणे लवाजमा घेऊन, दुसरा म्हणे एकटाच. शब्दावरून शब्द वाढला, हातघाई झाली, तलवारी निघाल्या. राजा आला तेव्हा माणसे मरून पडलेली, आणि पांढरे वस्त्र एकाच्याही अंगावर नाही! कास्तेलियोचा अर्थ उघड आहे. ख्रिस्ताने आज्ञा केली ती शुद्ध आचरणाची, आणि ती कोणालाही समजते. खून करू नये, चोरी करू नये, ह्यावर कोणी वाद घालीत नाही. वाद चालतो तो अशा गूढ गोष्टींवर, की ज्या इतक्या उघड असत्या तर हजार वर्षे वाद चाललाच नसता. मग ज्यात स्वतः पंडितांचे एकमत नाही, त्यासाठी माणसाचा जीव घेण्याइतकी खात्री कोणाला आहे?

त्याचा दुसरा आधार खुद्द ख्रिस्ताच्या तोंडचा, आणि आपण शेतकरी असल्यामुळे आपल्याला तो लवकर कळेल. शेतात गहू पेरला. रात्री वैऱ्याने येऊन त्यात तण पेरले. चाकर म्हणाले, धनी, उपटून टाकू काय? धनी म्हणाला, नको, तणाबरोबर गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. तुम्ही म्हणाल, मास्तर, असा कसला शेतकरी, आम्ही तर खुरपणी करतो! बरोबर आहे. पण ह्या दृष्टांतातले तण गव्हासारखेच दिसते. ओंबी आल्याशिवाय भल्याभल्यांना ओळखू येत नाही. शिवाय शेत चाकरांचे नव्हे, धन्याचे आहे. मनुष्याच्या अंतःकरणातील मत गहू की तण, हे धन्याआधी ठरविण्याचा मक्ता चाकरांना कोणी दिला?

आणि गहू खरोखरच उपटला गेला! सर्व्हेटसच्या ज्या ग्रंथासाठी त्याला जाळले, त्याच ग्रंथात त्याने लिहिले होते की, हृदयाच्या उजव्या भागातील रक्त फुप्फुसातून फिरून डाव्या भागात येते. अरब वैद्य इब्न अल्-नफीस ह्याने हे तेराव्या शतकातच लिहून ठेवले होते; परंतु युरोपात ते छापून निघाले ते प्रथम सर्व्हेटसच्या पुस्तकात. वैद्यकाला एवढी उपयोगी गोष्ट, आणि तिच्या प्रती शोधून शोधून जाळल्या! आज जगात त्या पुस्तकाच्या तीन प्रती उरल्या आहेत.

कास्तेलियोचा तिसरा मुद्दा सर्वांत साधा आहे. जबरदस्तीने वदवून घेतलेल्या विश्वासाला विश्वास म्हणता येत नाही. सरण दाखवून एखाद्याकडून हो म्हणवून घ्याल, तर तुम्ही त्याचे मत बदलले नाही, त्याला फक्त खोटे बोलावयास लावले. म्हणजे पाखंडी एक होता, त्याचा तुम्ही ढोंगी केला. आणि जो खरे बोलला, तो मेला. अशा कारभारात शेवटी गावात कोण उरतील, ह्याचा विचार करा. सर्व्हेटस पुस्तके घेऊन लढला, त्याला पुस्तकांनी उत्तर द्यावयाचे होते. विस्तवाने माणूस जळाला, प्रश्न तेथेच राहिला.

ह्या मास्तराला यश आले काय? हयातीत नाही. कॅल्व्हिनच्या समर्थनाला त्याने सविस्तर उत्तर लिहिले, ते छापून निघाले १६१२ साली, हॉलंड देशात. तोपर्यंत तो मरून जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती. १५६२ साली फ्रान्समध्ये धर्मयुद्ध पेटले तेव्हा त्याने दोन्ही पक्षांना कळवळून लिहिले की, दुसऱ्याच्या विवेकबुद्धीवर बळजबरी करू नका; जे आपल्याला केलेले सोसवत नाही ते दुसऱ्याला करू नका. कोणी ऐकले नाही; पस्तीसछत्तीस वर्षे माणसे मरत राहिली. १५६३ साली त्याच्यावरही पाखंडाचे आरोप चालू झाले होते, तोच डिसेंबरात त्याला मृत्यूने गाठले. परंतु कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या व त्या वर आल्या, अशी आपल्याकडे कथा आहे. ह्या मास्तराच्या वह्याही तशाच वर आल्या. १९०३ साली शांपेल येथे एक शिळा उभारली गेली. ती उभारणारे कॅल्व्हिनचेच अनुयायी. आम्ही त्याचे कृतज्ञ पुत्र आहो, पण त्याची ही चूक आम्हास निषिद्ध वाटते, असा तिच्यावरील लेखाचा भाव आहे. आपल्या गुरूला मान देऊन त्याची चूक दगडावर कोरून ठेवता येते, हे त्यांनी दाखविले.

आता कोणी म्हणेल, हे सर्व पुस्तकी झाले. अशी मोकळीक देऊन एखादे गाव चालेल तरी काय? चालले आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीने रॉजर विल्यम्स नावाच्या धर्मोपदेशकाला त्याच्या मतांसाठी हद्दपार केले. त्याने १६३६ साली तेथल्या मूळ रहिवाशांकडून जमीन मिळवून प्रॉव्हिडन्स गाव वसविले, आणि धर्ममतासाठी कोणाला शिक्षा नाही, असा तेथील नियम ठरला. पुढे क्वेकर नावाचा पंथ आला. बोस्टन शहराने त्यांना फटके मारले, आणि १६६० साली मेरी डायर ह्या बाईला फाशी दिले. शेजारच्या वसाहतींनी १६५७ साली विल्यम्सच्या वसाहतीला, म्हणजे ऱ्होड आयलंडला, कळविले होते की, ह्या लोकांना तुम्हीही हाकलून द्या. तेथून उत्तर गेले की, नुसते बोलल्याबद्दल शिक्षा करण्याचा कायदा आमच्याकडे नाही. शिवाय आमचा अनुभव असा की, जेथे त्यांना मोकळेपणी बोलू देतात व फक्त युक्तिवादाने उत्तर देतात, तेथे यावयाची त्यांना फारशी हौस नसते. छळाने पंथ वाढतो, हे त्या साध्या वसाहतकऱ्यांच्या ध्यानात आले होते.

विल्यम्सला क्वेकरांची मते पटत होती काय? मुळीच नाही. १६७२ साली, वयाची सत्तरी जवळ आली असता, हा म्हातारा स्वतः होडी वल्हवीत न्यूपोर्टला गेला आणि तीन दिवस भर सभेत त्यांच्याशी वाद केला. पुढे त्यांच्याविरुद्ध जळजळीत पुस्तकही लिहिले. परंतु त्यांची तोंडे बंद करा, असे तो कधी म्हणाला नाही. बंधूंनो, सहिष्णुता म्हणजे 'तुझेही खरे, माझेही खरे' असे गुळमुळीत बोलणे नव्हे. ज्याला आपल्या मताची चाड आहे, तोच होडी वल्हवीत जाऊन वाद करतो. ज्याला आपल्या मताची खात्री नाही, तो शिपायाला हाक मारतो.

मग मर्यादा काहीच नाही काय? आहे. विल्यम्सने १६५५ साली गलबताचा दाखला दिला. एका गलबतात निरनिराळ्या धर्मांचे लोक बसले आहेत. कोणावर प्रार्थनेची सक्ती नाही, कोणाच्या प्रार्थनेला अटकाव नाही. परंतु गलबत कोणत्या दिशेने न्यावयाचे, भांडण मारामारी होऊ द्यावयाची नाही, हे सांगण्याचा नाखव्याला अधिकार आहे. दंगा करणाराला तो शिक्षा करील. मत निराळे आणि मारहाण निराळी. आपल्या देशाच्या राज्यघटनेनेही १९व्या कलमात भाषणस्वातंत्र्य दिले आहे व त्याच कलमात त्याच्या मर्यादा सांगितल्या आहेत. २५व्या कलमाने विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे.

हा प्रश्न महाराष्ट्रातही येऊन गेला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पुण्यात गदारोळ उडाला. पण ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी तेथल्या गुरुभगिनींचेही सर्व मुकाट्याने ऐकले नाही. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर त्यांनी शंका काढल्या, पत्रांतून वाद केला, आणि बजावले की, एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरविले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे. अशा बाईची बाजू कोणी घेतली? जोतीराव फुल्यांनी, १८८५ साली 'सत्सारा'त. जोतीराव ख्रिस्ती नव्हते व झाले नाहीत. त्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात तर एकाच घरात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान व मुलगा सत्यधर्मी, आणि सारे एकमेकांवर प्रेम करून राहतात, असे घर रंगविले आहे. परंतु त्याच जोतीरावांच्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या पुस्तकाची सुरुवातीची प्रकरणे छापून पुढची छापावयाची थांबविली ती कोणी? आपल्याच चळवळीच्या पत्राने! तेव्हा जिनिव्हाला हसावयाचे कारण नाही.

आता व्यवहाराचे बोलतो. ह्या वाचनालयाच्या सभेपुढे एक ठराव येत आहे. मंडळाच्या मताविरुद्ध बोलणाऱ्यास येथे उभे राहू देऊ नये, आणि तशी पुस्तके कपाटातून काढावीत, असे त्यात म्हटले आहे. कारण सर्वांना ठाऊक आहे. गेल्या महिन्यात एका तरुणाने येथे आपल्या थोर पुरुषांच्या काही मतांवर टीका केली, आणि पुष्कळांची मने दुखावली. त्याची टीका मलाही चुकीची वाटते. परंतु आपल्या आजापणज्यांच्या कानांवर अक्षर पडू नये म्हणून केवढे बंदोबस्त होते, ते आठवा. ज्यांच्या तोंडाला पिढ्यान्‌पिढ्या कुलूप होते, त्यांच्या हाती किल्ली आली. तिने आता आपण पहिले काम कोणते करावयाचे? दुसऱ्याच्या तोंडाला कुलूप घालण्याचे?

त्याऐवजी माझी सूचना अशी. त्या तरुणाला पुन्हा बोलवावे. त्याचे म्हणणे आधी त्याच्याच शब्दांत पुरते ऐकून घ्यावे, मग त्याला उत्तर द्यावे. दोघांना वेळ सारखा. कोणी कोणाच्या जातीवर, आईबापांवर जाऊ नये. हात उगारण्याची भाषा करील त्याला अध्यक्षांनी खाली बसवावे, मग तो कोणत्याही बाजूचा असो. पुस्तके कपाटातच राहू द्यावीत; उलट त्यांना उत्तर देणारी पुस्तके वर्गणी काढून शेजारी आणून ठेवावीत, पहिले पाचशे रुपये मी देतो. उत्तर देण्याचे काम कोणी पत्करीत नसेल, तर तेही मी करीन.

अध्यक्षमहाराज, माझे मत ठरावाच्या विरुद्ध नोंदवावे. आणि ठरावाच्या बाजूने जे बोलणार असतील, त्यांना माझ्याइतकाच वेळ द्यावा.